घर भरलंय, पुढे व्हा

शनिवार, १४ सप्टेंबर २०२४

गुरुवारी, १२ सप्टेंबरला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझा मामेभाऊ बब्रुवान याने धाराशिवातल्या स्वतःच्या दारात उभं राहून मला सांगितलं, "आक्का, जागा न्हाय." तारीख आणि वेळ लिहून ठेवते आहे, कारण हा माणूस पुढे म्हणेल की तो असं बोललाच नव्हता. मी तिथल्या तिथं म्हटलं, हे मला लेखी दे. तो हसला. नैरोबीतल्या एका कॉलेजची कचेरी मी निवृत्त होईपर्यंत सांभाळली. लेखी मागितल्यावर हसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती नंतर फारशी हसत नसत.

पण आजचा दिवस आनंदाचा आहे, तेव्हा आनंदाचं लिहावं. मला घर मिळालं! गल्लीतले लोक बघायला लागल्यावर बब्रुवानला स्वतःच्या अब्रूची आठवण झाली आणि त्याने खिशातून गावातल्या घराची किल्ली काढून दिली. आज जीपमधून माझ्या तीन बॅगांसह आईच्या गावी येऊन पोचले. सास्तूरच्या अलीकडे, भूकंपानंतर नव्याने वसवलेलं गाव. रस्ते सरळ, घरं एका मापाची. सिमेंटच्या दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, दाराशी कडुनिंब. आत बाज, माठ आणि कोळिष्टकं. मामांना पुनर्वसनात मिळालेलं घर, मामांमागून बब्रुवानच्या नावावर. वर्षानुवर्षं बंद.

दुपारभर फिनेलने फरशी घासली. खिडकीला माझा निळा-पिवळा कांगा लावला. कांगा म्हणजे तिकडच्या बायका कमरेला गुंडाळतात ते छापील कापड. क्षणात खोली माझी झाली.

दारामागे जुन्या चपलांचं एक पोतं निघालं. बायकांच्या, पुरुषांच्या, पोरांच्या, तुटक्या, ठिगळाच्या. आत राहायला माणूस नाही आणि चपला मात्र लग्नघराएवढ्या! सगळं पोतं उकिरड्यावर नेऊन टाकलं.

शेजारच्या नागूबाई भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, तीस एकरांच्या मालकीण, दोन सुनांवर राज्य. बसल्या बसल्या विचारलं, "लगीन न्हाय केलं व्हय? येवढ्या मोठ्या मुलखात एक बी न्हाय गावला?" मी म्हटलं, गावले पुष्कळ, पण लेखी द्यायला कुणी तयार होईना. त्या इतक्या हसल्या की पदर तोंडात धरावा लागला. आमचं जमेल.

रविवार, १५ सप्टेंबर

हा देश माझा आहे असं आई म्हणायची. माझ्या पासपोर्टचं मत वेगळं आहे. जन्म नैरोबीचा, शाळा कॉन्व्हेंट, घरी मराठी, रस्त्यावर स्वाहिली. तिथली ओळखीची मराठी घरं एकेक करून इंग्लंड-कॅनडाला गेली, भाऊ गेला, आणि एक दिवस लक्षात आलं की माझ्याशी मराठीत बोलणारं फक्त टेलिफोनमध्ये उरलं आहे. सदुसष्टाव्या वर्षी मी देश बदलला.

शहर निवडताना मी उगीच भावनांच्या मागे गेले नाही. पुणे पाहिलं, रस्ता ओलांडता ओलांडता माझं उरलेलं आयुष्य संपलं असतं. सोलापूरचं ऊन मला नको. बेळगाव आवडलं, पण तिथं माझं कुणी नाही. धाराशिव निवडलं ते बब्रुवानमुळे. दोन वर्षं तो दर रविवारी व्हिडिओवर सांगायचा, "वरला मजला तुमचाच, आक्का. खिडकीतनं डोंगर दिसतोय बगा." त्या खिडकीसाठी मी नैरोबीचं घर सोडलं. आता त्या खिडकीत स्पर्धापरीक्षेवाल्या मुलांची अभ्यासिका आहे.

त्या दिवशी त्याच्या दारातून निघाल्यावर मी चार ठिकाणी खोली विचारली. एकटी बाई? नको. म्हातारी? नको. कागद परदेशचे? नकोच नको. एकाने तर तोंडावर विचारलं, घरात काही झालं तर तुम्हाला न्यायला येणार कोण? मी म्हटलं, तुम्हाला न्यायला कोण येणार आहे त्याची आधी चौकशी करा.

तेव्हाच मनाशी ठरवलं. माझ्या दारात कुणी जागा मागितली, तर हे शब्द माझ्या तोंडून निघणार नाहीत.

मंगळवार, १७ सप्टेंबर

सकाळी शाळेत मुक्तिसंग्रामदिनाचं झेंडावंदन. मला पाहुणी म्हणून खुर्ची दिली. संध्याकाळी गणपती विसर्जनाला निघाले, पण ढोल नाही, गुलाल नाही. मुकाट्याने नेले आणि लोक मुकाट्याने परतले. नागूबाई म्हणाल्या, त्र्याण्णव सालीही गाव असंच चौदसीला गणपती बुडवून, दमून झोपलं होतं. पहाटे जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. झोपलेली माणसं झोपेतच गाडली गेली. आईची धाकटी बहीण तुळजाबाई त्यातलीच. तिचं घरच्या घर गेलं. नैरोबीला आईने त्यानंतर पोस्टाची वाट बघणं सोडलं.

दिवेलागणीला एक चमत्कारिक प्रकार पाहिला. गल्लीतल्या प्रत्येक घराने पायरीवर चपलांच्या रांगा मांडल्या. घरातल्या चपला तर खऱ्याच, शिवाय पोत्यातून काढलेल्या जुन्या. समोरच्या घरात बानूबाई नावाची म्हातारी एकटी राहते. तिच्या पायरीवर एका वऱ्हाडाला पुरतील एवढ्या.

नागूबाईंनी मलाही एक पिशवी आणून दिली. "मांडा. पितरांच्या पंधरवड्यात घर भरल्यालं दिसाय पायजे." मी विचारलं, चोरांसाठी का? "चोर बरं की," त्या म्हणाल्या, "चोर घेऊन जातोय." आणखी विचारलं तर एवढंच सांगितलं की बाहेरून कुणी जागा हाय का म्हणालं, तर दार न उघडता आतून म्हणायचं, घर भरलंय, फुडं व्हा. आणि तोंडाला कुलूप.

म्हणजे सबंध गावाची ही तऱ्हा! दारात आलेल्याचं तोंडही न बघता त्याला पुढे ढकलायचं, आणि खोटेपणा लपवायला पायताणांचा देखावा. बब्रुवान हे कुठं शिकला ते आज कळलं. नागूबाईंची पिशवीही उकिरड्यावर गेली. माझ्या पायरीवर माझी एकच जोडी राहील, निळ्या पट्ट्यांची, धुतलेली.

बुधवार, १८ सप्टेंबर

दिवेलागणीला चहा गाळत होते. दार लोटलेलं होतं. बाहेरून बाईचा आवाज आला, फार दमलेला.

"जागा हाय का?"

त्या आवाजात ना आग्रह होता ना तक्रार. चार दारं फिरून आलेल्या माणसाचा आवाज कसा असतो ते मला आता चांगलं ठाऊक आहे. गुरुवारचे अकरा-दहा माझ्या छातीत जळत होतेच. मी मुद्दाम गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "आहे! भरपूर जागा आहे. आत या."

समोर बानूबाईने कडी घातली. मग शेजारी कडी वाजली. मग पलीकडे.

मी दार उघडलं तर पायरीवर कुणी नव्हतं. आत वळले तेव्हा खोलीत मशेरीचा वास होता. आई लावायची तशीच मशेरी. दोन कप चहा ओतला, का ते सांगता येत नाही. दुसरा निवून गेला.

गुरुवार, १९ सप्टेंबर

पायरीवर माझ्या चपलांशेजारी दुसरी जोडी. बायकी, अंगठ्याशी सुतळीने शिवलेली, पांढऱ्या मातीने भरलेली. ही माती इथली नाही. इथं सगळी काळी. बानूबाईला दाखवली तर तिने हात लावला नाही. एवढंच म्हणाली, ही जुन्या गावची पांढरी.

बाजेच्या एका कडेला सुंभ दबलेलं आहे. माठातलं पाणी उतरतं. दोन्ही खोल्यांत कुणी नाही आणि तरी मी एकटी नाही. खोटं कशाला लिहू, वाईट वाटलं नाही. इतक्या दिवसांत घरात प्रथमच कुणीतरी होतं. मी स्वयंपाक करताना मोठ्याने बोलले, बब्रुवानची सगळी हकिकत सांगितली. कुणीतरी नीट ऐकत होतं.

शनिवार, २१ सप्टेंबर

काल संध्याकाळी पुन्हा "जागा हाय का?" झालं. पुरुषाचा आवाज. या वेळी मी तोंड उघडलं नव्हतं. उत्तर आतून गेलं, बाईच्या आवाजात, "हाय, या."

आज पायरीवर रांग आहे. मोठ्या, लहान, आणि एक अगदी तान्ह्याची, लोकरीची. सगळ्यांची तोंडं आत.

आत वावरणं जमत नाही. नैरोबीतल्या मटाटूत, म्हणजे खच्चून भरलेल्या तिकडच्या छोट्या बसमध्ये, आपण आपोआप खांदे आखडून घेतो ना, तशी मी माझ्याच घरात चालते आहे. ओट्याशी चहा करायला तिरपं उभं राहावं लागतं. दुपारी अंग टाकायला गेले तर बाज गरम. कूस बदलली तर पाठीला पाठ लागली. मी इंग्रजीत माफी मागितली, सवयीने. कुणी सरकलं नाही.

त्यांच्या श्वासाला आवाज आहे. तोंडात माती असलेल्या माणसाने श्वास घ्यावा तसा.

सोमवार, २३ सप्टेंबर

नागूबाई तीन दिवस फिरकल्या नव्हत्या. आज मीच भिंतीपाशी जाऊन जाब विचारला. त्या शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "किती झाले?"

मग सांगितलं. भूकंपानंतर सरकारनं नवं गाव आखलं, जित्यांची शिरगणती केली आणि प्रत्येक घराला प्लॉट दिला. "ज्येंच्या घरात एक बी उरला न्हाय, त्येंच्या नावानं पलाट कोन मागनार? आमी आलो हिकडं. ती तिथंच." चौदसीपासून अवसेपर्यंत ती गावात येतात आणि घर विचारतात. चपला दिसल्या की पुढे जातात. जिथं आतलं माणूस "हाय" म्हणतं तिथं राहतात, आणि मग त्यांना नाही म्हणता येत नाही.

मी विचारलं, अमावस्येला तरी जातील? नागूबाई म्हणाल्या, "बिऱ्हाड केल्यावर कोन जातंय?"

मी संतापले. हे आधी सांगता येत नव्हतं? "सांगितलं की. चपला दिल्या व्हत्या. तुमी उकिरड्यावर टाकल्या, माज्या थोरल्या सुनंनं बगितलं." आणि मग शेंगा पाखडत, अगदी हलकं झाल्यासारख्या म्हणाल्या, "औंदा आमची गल्ली सुटली बगा."

आमचं जमेल असं मी लिहिलं होतं. त्यांचं काळीज कसं आहे ते बघायचं राहिलं होतं.

निघताना मी विचारलं, बाहेर काढायचा मार्गच नाही? त्यांनी मूठभर शेंगा सुपात टाकल्या. मग म्हणाल्या, दुसऱ्या घराच्या मालकानं सोताच्या तोंडानं "या" म्हणायला हवं. पण इथल्या पोरालासुद्धा कळतं. कोण म्हणेल?

दुसऱ्या घराचा मालक. स्वतःच्या तोंडाने.

या आठवड्यात पहिल्यांदा मला भूक लागली.

मंगळवार, २४ सप्टेंबर

आज बब्रुवानकडे मामांचा महाळ. पितरांसाठी पान, भाऊबंद, गल्लीतली प्रतिष्ठित माणसं, अभ्यासिकेचे शिक्षक, पुण्याहून आलेला मुलगा कुलदीप आणि सासऱ्यांकडेच राहणारी सून शिवांजली. सगळं तिनेच मला परवा कळवलं होतं. मला आमंत्रण नव्हतं. जागा नसेल.

पंगत बसण्याची वेळ साधून फोन केला. सून फोन उचलते आणि स्पीकरवर लावते, हे मी व्हिडिओवरून दोन वर्षं पाहिलं आहे. मी गोड आवाजात म्हटलं, बब्रुवान, पंगतीला सगळे आहेत ना? माझ्याकडे जुन्या गावची काही माणसं आली आहेत. बिचारी दारोदार फिरताहेत. तुझ्या ओळखीची निघतील. तुझ्याकडे पाठवू का? का तुझ्याकडे जागा नाही?

पलीकडे ताटं वाजत होती. मग कुणीतरी म्हाताऱ्याने मागून म्हटलं, "अरे, महाळाच्या दिशी न्हाय म्हनू नये." आणि भरल्या पंगतीत माझा भाऊ फुलून आला.

"न्हाय कोन म्हनतंय? या म्हनावं की! धाराशिवातलं काय अन् गावातलं काय, दोन्ही घरं त्येंचीच समजा म्हनावं. कवाबी या!"

मी फोन उंच धरून खोलीभर फिरवला. बाजेकडे, ओट्याकडे, कोपऱ्यातून. शेवटचे शब्द घराच्या चारी भिंतींना ऐकू गेले असतील.

सगळे श्वास एकदम थांबले.

दार आपण होऊन उघडलं. मी पडवीत उभी राहून पाहिलं. पायरीवरच्या चपला एकेक करून नाहीशा होत गेल्या. सुतळीने शिवलेली जोडी सगळ्यात शेवटी. मशेरीचा वास माझ्या अगदी गालाशी क्षणभर थांबला आणि निघून गेला.

मी दोन्ही हात कमरेवर ठेवून हसले. नागूबाईंनी भिंतीवरून पाहिलं आणि तोंड फिरवलं.

बुधवार, २५ सप्टेंबर

घर स्वच्छ. बाजेवर हातपाय पसरून झोपले. वांग्याची भाजी केली. माझ्या हाताने कधी इतकी चांगली झाली नव्हती.

शिक्षा मोठी असली पाहिजे असं नाही, मापाची असली पाहिजे. कॉन्व्हेंटच्या सिस्टर वर्गात बोलणाऱ्या मुलीच्या जिभेवर साबण ठेवायच्या. ज्या तोंडाने चूक केली त्याच तोंडाला.

गुरुवार, २६ सप्टेंबर

शिवांजलीचा फोन. कुजबुजत होती. आत्या, काय झालंय कळत नाही, घरात उभं राहायला जागा नाही. दारात कुणाच्या तरी मातकट चपला, उचलून फेकल्या तर तासाभरात परत, आणखी जास्त. अभ्यासिकेतली मुलं पळाली. मामंजी परवापासून गाडीत झोपताहेत, मधूनच काच खाली करून हवेशी बोलतात. आत्या, तुम्ही कुणाला पाठवलंत?

पोरगी गुणाची आहे. तिच्याबद्दल वाईट वाटलं. पण तिला सांगितलं, तुझ्या सासऱ्यांना एवढा निरोप दे की आक्का विचारत होती, वरच्या खिडकीतून डोंगर दिसतो का.

फोन ठेवला आणि दुसरा चहा केला.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

बब्रुवानचा फोन, पुण्याहून. घर उघडं टाकून सगळे कुलदीपच्या फ्लॅटवर गेले आहेत, तिसऱ्या मजल्यावर. मला वाटलं शिव्या देईल. मी उत्तरं जुळवून ठेवली होती. तो शिव्या देत नव्हता. रडतही नव्हता.

म्हणाला, "आक्का, मी काय बोललो त्ये तुमी नीट ऐकलं का?"

मी म्हटलं, शब्दन् शब्द. लिहून ठेवला आहे.

"मंग वाचा," तो म्हणाला. "मी दोन्ही घरं म्हनलो व्हतो. तुमी ऱ्हाताय त्ये बी माज्याच नावावर हाय."

फोन कट.

मी मंगळवारचं पान काढून वाचलं. माझ्याच अक्षरात आहे. धाराशिवातलं काय अन् गावातलं काय.

आतापर्यंत ती माझ्याकडे पाहुणी होती. आता—

पायरीवर जाऊन पाहिलं नाही. आवाज येतो आहे. चपला काढण्याचा. एक, मग एक, मग—

शनिवार, २८ सप्टेंबर

पायरी भरली. अंगण भरलं. कडुनिंबापर्यंत चपला. गल्लीत कुणी बाहेर नाही.

या वेळी ती माझ्यासाठी सरकत नाहीत. घरमालक भाडेकरूकडे बघतो तसं— दिसत काही नाही, पण बघणं कळतं.

बाज गेली. ओटा गेला. मी दोन भिंतींच्या कोपऱ्यात उभी आहे. खाली बसायला लागले की मांड्यांखाली कुणाचे तरी हात. केस. लहान मुलाचं डोकं.

नागूबाईंना हाक मारली. आवाज खोलीतल्या खोलीत राहिला.

रविवार, २९ सप्टेंबर

माती. पापण्यांवर. वहीवर. पुसते, पुन्हा—

हवा सगळ्यांना पुरत नाही. ती घेतात, मग मला— आळीपाळीने. माझी पाळी येता येत नाही.

मशेरीचा वास अगदी जवळ. आईच्या आवाजासारखा आवाज. पण आईचा नाही. मावशी असेल. मी तिला म्हटलं, मी तुम्हाला घर दिलं होतं, गावात फक्त मी— ती म्हणाली, "व्हय, गिरिजे. दिलं व्हतंस. मंग दुसऱ्याच्या दारात ढकललंस."

छातीवर वजन. भिंत पडावी तसं. एकच नाही, सगळी मिळून—

दार दिसतं आहे. पोचले तर—

सोमवार, ३० सप्टेंबर

बाहेर आहे. उन्हात. छातीवर काही नाही, बरं वाटतं आहे.

सकाळी माणसं जमली. दार फोडलं. घरातून काहीतरी उचलून आणलं, माझ्या निळ्या-पिवळ्या कांग्यात गुंडाळून. मी ओरडले, कांगा माझा आहे, विचारल्याशिवाय— कुणी वळलं नाही. नागूबाई रडत होत्या. खरंच रडत होत्या. म्हणाल्या, "जिभंनं तिकट व्हती, पर एकटी व्हती वं."

मी शेजारीच उभी होते.

मग त्यांनी डोळे पुसले, माझ्या निळ्या पट्ट्यांच्या चपला उचलल्या आणि आपल्या पायरीवरच्या रांगेत नेऊन मांडल्या.

पाय अनवाणी. पायांना पांढरी माती.

दिवेलागणीला माझ्या दारावर थाप मारली. आतून उत्तर आलं, घर भरलंय. बानूबाईच्या दारी गेले. मग नागूबाईंच्या. म्हणायचं होतं, नागूबाई, मी गिरिजा, दार उघडा. सगळं वाक्य तयार होतं. तोंडातून निघालं ते—

"जागा हाय का?"

आत भांडी वाजायची थांबली. नागूबाईंचा आवाज, थरथरता, पण स्पष्ट.

"घर भरलंय. फुडं व्हा."

मंगळवार, १ ऑक्टोबर

चालते आहे. धाराशिव मागे पडलं. त्याच्या घराच्या वरच्या खिडकीत उजेड होता, डोंगराकडे तोंड करून कुणी कुणी बसलं होतं. तिथंही मला—

पायांना थकवा नाही. पेन्सिल चालते. माझ्यामागे आणखी काहीजण आहेत, दोन्ही घरांत न मावलेले. ओळखी झाल्या. तान्ह्याला आळीपाळीने घेतो.

बब्रुवान, हे तुझ्यासाठी. खालच्या तारखेवर लक्ष दे.

दिनांक १२ सप्टेंबर २०२४, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तू मला जे तोंडी सांगितलंस ते मी तेव्हाही लेखी मागितलं होतं. दिलं नाहीस. दोन घरांची नावं तू घेतलीस, तिसऱ्याचं घेतलं नाहीस, म्हणून तिथं जाऊन लपलास. ठीक आहे. मी नियमाने वागणारी बाई आहे. विचारल्याशिवाय आत येणार नाही. तेव्हा लेखी विचारते— कुलदीपच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, जागा आहे का?

उत्तर लेखी हवं. तुझ्या सहीचं. फोनवर नको, हसून नको. मुदत उद्या, बुधवार, २ ऑक्टोबर, सर्वपित्री अमावस्या, दिवे लागायच्या आत. पायरीवर चपला मांडून भागणार नाही, त्या कुणाच्या आहेत ते आता मला ओळखता येतं.

मुदतीत उत्तर आलं नाही तर जागा आहे असं समजून मी आणि माझ्यासोबतचे सगळे—